बाटलीवरच्या कागदाच्या खाचा

श्रोतेहो, दुकानातून आणलेल्या वस्तूचं वेष्टन आपण घरी आल्यावर फाडतो आणि केराच्या डब्यात टाकतो. कुणीतरी ते बसून आखलेलं असतं, त्याच्या घड्या मोजलेल्या असतात, अक्षरांचा आकार ठरवलेला असतो, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. ते आखणं हा माझा व्यवसाय. गेली तीस वर्षं मी खोकी, पुडे, लेबलं आणि औषधाच्या गोळ्यांच्या पट्ट्या यांचं संकल्पन करते आहे. "म्हणजे तुम्ही डब्यांवर चित्रं काढता का?" हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास विचारला जातो. चित्र हा या कामातला अगदी शेवटचा भाग. त्याच्या आधीच्या कामाविषयी आज बोलायचं आहे, आणि त्यातही औषधांच्या वेष्टनाविषयी. कारण साबणाचं वेष्टन फसलं तर माल पडून राहतो. औषधाचं फसलं तर माणूस अंथरुणाला खिळतो.

वेष्टनाला तीन कामं असतात. आतल्या वस्तूला सांभाळायचं, ती काय आहे हे सांगायचं आणि वेळ आली की हातात सहज द्यायचं. हापूस आंब्याची जुनी लाकडी पेटी आठवून पाहा. फळ्यांमधल्या फटींतून हवा खेळायची, पेंढ्याच्या थरांमुळे फळाला धक्का लागायचा नाही आणि त्याच पेंढ्याच्या उबेत आंबा वाटेतच पिकू लागायचा. एकाच गोष्टीकडून दोन-तीन कामं करून घेण्याची ही हुशारी कुठल्याही महाविद्यालयात शिकवण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे होती.

माझं शिक्षण उपयोजित कलेचं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग निघाला, तेव्हापासून आपल्याकडे हा विषय रीतसर शिकवला जातो. पण खरे धडे मला खोकी छापणाऱ्या एका प्रेसमध्ये मिळाले. पुठ्ठ्यातले धागे एका दिशेने जातात; त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर पुठ्ठा तडकतो, हे तिथल्या कारागिरांनी मला हातात पुठ्ठा देऊन शिकवलं. कागदावर सुंदर दिसणारं खोकं यंत्रावर मिनिटाला शेकड्यांनी दुमडताना टिकलं पाहिजे, हेही तिथेच कळलं.

आता माझ्या प्रेरणेविषयी. तुमच्यापैकी ज्येष्ठांना डॉक्टरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर आठवत असेल. तो लाल किंवा पिवळं मिक्श्चर बाटलीत भरायचा आणि बाटलीच्या अंगाला कागदाची एक उभी पट्टी चिकटवायचा. त्या पट्टीच्या कडेला कात्रीने खाचा पाडलेल्या असत. एक खाच म्हणजे एक डोस. आजीला लिहितावाचता येत नसलं तरी सकाळी एका खाचेपर्यंत आणि संध्याकाळी पुढच्या खाचेपर्यंत औषध द्यायचं, हे तिला कळायचं. शिवाय दुपारी कामावरून आलेल्या माणसाला बाटलीकडे पाहूनच समजायचं, की सकाळचा डोस दिला गेला आहे. यात अक्षर नाही, रंग नाही, खर्च जवळजवळ नाही. औषधाच्या वेष्टनाचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही. नवं काम हाती घेतलं की मी स्वतःला विचारते, यातली खाच कुठे आहे?

जगात इतरत्रही या प्रश्नावर माणसं झटली आहेत. कॅनडातल्या विंडसर शहरात हेन्री ब्रो नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. घरातल्या गोळ्या खेळता खेळता गिळलेली मुलं त्यांच्याकडे सतत येत. त्यांनी पाठपुरावा करून १९६७मध्ये दाबून फिरवायचं झाकण पुढे आणलं, आणि १९७० साली अमेरिकेने धोकादायक वस्तूंसाठी अशा बंदिस्तपणाचा कायदाच केला. पण एक नवी अडचण आली. जे झाकण मुलाला उघडत नाही, ते संधिवात झालेल्या आजोबांनाही उघडत नाही. मग ते झाकण तसंच उघडं ठेवू लागतात आणि मूळ हेतूच बारगळतो. म्हणून १९९५मध्ये तिथले चाचणीचे नियम बदलले. झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये आणि ५० ते ७० वर्षांच्या माणसांना उघडता यावं, अशी दुहेरी परीक्षा सुरू झाली.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या डेबोरा ॲडलर यांचं. त्यांच्या आजीने चुकून आजोबांच्या बाटलीतलं औषध घेतलं. दोघांच्या बाटल्या जवळजवळ सारख्याच दिसत होत्या. ॲडलर तेव्हा संकल्पनाच्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी हाच विषय प्रबंधासाठी घेतला. त्यातून तयार झालेली बाटली 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीने २००५मध्ये आणली. गोल बाटलीवर मजकूर वळून मागे जातो, म्हणून ही बाटली चपटी. औषधाचं नाव सगळ्यात वर, आणि घरातल्या प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचं कडं. त्या दुकानांतला औषधविभाग २०१५मध्ये दुसऱ्या कंपनीने घेतला आणि ती बाटली बंद झाली. चांगलं संकल्पन आपोआप टिकत नाही, ते टिकवावं लागतं, हेही त्यातून शिकण्यासारखं आहे.

आपल्याकडे बाटलीपेक्षा पट्टीचा वापर अधिक. पट्टीची एक मोठी अडचण आहे. औषधाचं नाव फॉइलवर आधीच छापून येतं, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा छापता येतं. बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख मात्र गोळ्या भरताना उमटवली जाते, आणि ती बहुधा पट्टीच्या एका टोकाला असते. दुकानदाराने चार गोळ्या कापून दिल्या की तारीख दुकानात राहते आणि गोळ्या घरी येतात. वर चकचकीत फॉइल, बारीक अक्षरं आणि मजकूर बहुतेक इंग्रजीत. सरकारने काही पावलं उचलली आहेत. औषधाचं मूळ नाव कंपनीने दिलेल्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत हवं, हा नियम २०१८मध्ये आला. १ ऑगस्ट २०२३पासून जास्त खपाच्या ३०० औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला. हे चांगलंच झालं; पण रात्री अकरा वाजता चष्मा न सापडणाऱ्या आजींच्या हातात तो कोड असून नसल्यासारखा आहे.

म्हणून माझी कामाची पद्धत अशी. संगणक उघडण्याआधी मी त्या औषधाची माणसं पाहते. गोळ्या कुठे ठेवल्या आहेत, देवघरापाशी की फ्रिजवर? त्या कोण देतं, सून की शेजारीण? मग कोऱ्या पुठ्ठ्याचा नमुना करते आणि थरथरत्या हातांत देते. तो उघडला तरच पुढे जायचं. अक्षरं ठरली की मंद दिव्याखाली, हातभर अंतरावरून वाचून घेते. रंगावर एकट्यावर कधीच विसंबत नाही, कारण सगळ्यांना सगळे रंग सारखे दिसत नाहीत. रंगाच्या जोडीला आकार किंवा मोठा आकडा हवाच.

यावरून कंपन्यांशी वादही होतात. एकदा रक्तदाबाच्या औषधाची दोन खोकी करायची होती, एक कमी मात्रेचं, दुसरं जास्त. "दोन्ही एकाच घराण्यातली दिसली पाहिजेत," असा विक्री विभागाचा आग्रह. मी दोन्ही नमुने टेबलावर ठेवले, खोलीतले दिवे मालवले आणि खिडकीच्या उजेडात त्यांना कमी मात्रेचं खोकं उचलायला सांगितलं. दोघांनी चुकीचं उचललं. शेवटी घराण्याची खूण खालच्या पट्टीत गेली आणि मात्रेचा आकडा खोक्याच्या दर्शनी भागावर ठसठशीत बसला. दुकानाच्या फळीवर ते खोकं थोडं कमी देखणं दिसत असेल. पण ते फळीवर राहतं काही दिवस, आणि आजाऱ्याच्या उशाशी महिनाभर.

श्रोतेहो, सगळं संकल्पनकारावर सोडू नका. सुट्या गोळ्या घेताना दुकानदाराला पाकिटावर औषधाचं नाव आणि मुदत लिहायला सांगा. घरी पट्टी तारखेच्या विरुद्ध टोकाकडून वापरायला घ्या. दोन औषधं दिसायला सारखी असतील तर एकाला रबर बँड लावा. तो रबर बँड म्हणजेच तुम्ही केलेलं संकल्पन, आणि कंपाउंडरच्या खाचेच्या अगदी जवळच्या नात्यातलं.