दिव्याखालची सुरी

आम्ही कात्रजला राहतो असं सांगितलं, की पेठेतल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटतं. १६६३ साली लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं छाटून महाराज सिंहगडाकडे निघाले आणि इकडे घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना भलत्याच दिशेला पळवलं, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हापासून ‘कात्रजचा घाट दाखवणं’ म्हणजे फसवणं, हे आमच्या गावाच्या नशिबी आलं ते आलंच. पण मी सांगणार आहे ती फसवणूक घाटातली नाही, आमच्या ओट्यावरची आहे. एका पिकल्या टोमॅटोने आमच्या सुरीला कात्रजचा घाट दाखवला आणि सुरी टोमॅटो सोडून हिच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर उतरली.

सहा टाके पडले. टाके घालणारा डॉक्टर आमच्या मुलाहून लहान. जखम पाहून त्याने सहज विचारलं, ‘‘काकू, सुरी बोथट होती का?’’ धारदार पात्याची जखम रेघेसारखी सरळ असते, ही फाटल्यासारखी झाली आहे, असं त्याचं म्हणणं. हिने उत्तर दिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर अशा पाहण्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही.

कारण माझी सारी नोकरी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. हत्यारांना धार लावणं हेच माझं काम. ड्रिल, कटर, रीमर; चौतीस वर्षं दुसरं काही केलं नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून सुपरवायझरशी भांडलो. आणि घरची सुरी? ‘‘अहो, तेवढी धार लावून द्या ना,’’ असं ही दिवाळीपासून सांगत होती आणि मी ‘‘रविवारी बघू’’ म्हणत होतो. रविवार बरेच आले आणि गेले. जखम भरली, पण बोटाचं टोक अजून बधिर आहे. सुईत दोरा ओवताना तिला दोरा दिसतो, हाताला लागत नाही.

बोथट सुरी बरी, निदान हात तरी कापणार नाही, असा एक समज घरोघरी आहे. तो अगदी उलटा आहे. धार म्हणजे पात्याचे दोन उतार जिथे मिळतात ती कड. ती जितकी बारीक, तितका हाताचा जोर थोड्या जागेवर एकवटतो आणि पातं जवळजवळ आपल्या वजनानेच आत उतरतं. कड गोल झाली की तोच जोर पसरतो, मग आपण आणखी दाबतो. टोमॅटोचं साल चिवट आणि आत सगळा लगदा. कांद्याची पाकळी निसरडी. दाबलेली सुरी घसरते, आणि घसरलेल्या सुरीमागे आपला सगळा जोर असतो. बोट कापायला फार धार लागत नाही.

खरं तर आमच्या घरी सुरीवर ही वेळ आली ती विळी माळ्यावर गेल्यामुळे. हिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि जमिनीवर बसणं बंद झालं. तोवर सुरी फक्त सफरचंदापुरती होती. विळीत पातं स्थिर आणि भाजी चालती. पाटावर पाय ठेवला की दोन्ही हात मोकळे, म्हणून सुरण काय, लाल भोपळा काय, असला दांडगा माल धरून पात्यावर ढकलता येतो. तिचं पातं साध्या पोलादाचं. कैरी चिरली की काळं पडणार, पुसून ठेवलं नाही तर गंजणार. पण दगडाने चार वेळा घासलं की पुन्हा कापायला तयार. काम झालं की विळी आडवी करून ठेवायची, हे तर शाळेत जायच्या आधी शिकवलं जायचं.

मग ओटा आला, उभ्याचा स्वयंपाक आला, आणि बरोबर स्टेनलेस स्टीलची सुरी आली. या पोलादाचा शोध १९१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली या माणसाने लावला. तो शोधत होता बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून काहीतरी, आणि सापडलं ते चाकू-सुऱ्यांच्या गावाला वरदान ठरलं. पोलादात क्रोमियम पुरेसं मिसळलं की लिंबाने डाग पडत नाही. गंज गेला हे उत्तमच झालं. पण त्याबरोबर पातं दगडाला लावायची सवयही गेली. चकचकीत आहे म्हणजे धारही आहे, असं आपण धरून चाललो.

असो. टाके पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फाटकाशी सायकलवर चाक लावलेला धारवाला ओरडत आला. अपराधी माणूस घाईत असतो. मी ती सुरी आणि फणसासाठी ठेवलेली साध्या पोलादाची एक मोठी सुरी त्याच्यापुढे ठेवली. ही मोठी सुरी मी खूप वर्षांपूर्वी सातारा रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसलेल्या घिसाड्याकडून घेतली होती. ही मंडळी मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद वापरतात; त्यात शेकडा अर्ध्याहून थोडा जास्त कार्बन असतो आणि धार धरायला तेवढा पुरतो. चाक फिरलं, ठिणग्यांचा फवारा उडाला, दोन मिनिटांत काम झालं. पैसे देताना माझं लक्ष मोठ्या सुरीच्या टोकाकडे गेलं. तिथे निळसर झाक आली होती.

टूलरूममध्ये हे कोणाच्या हातून झालं असतं, तर मी त्याला दिवसभर ऐकवलं असतं. पोलाद लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलं की काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. मग बेताने पुन्हा तापवून ठिसूळपणा काढायचा. यालाच पात्याला पाणी देणं म्हणतात. या दुसऱ्या तापवण्यात रंग बोलतो. साधारण २२० अंशांना फिकट पिवळा, ३०० च्या आसपास निळा. पिवळ्यापाशी थांबलं तर धार टिकते. निळं झालं की ते स्प्रिंगसारखं वागतं, वाकेल पण धार धरणार नाही. कोरड्या चाकावर पातळ कड क्षणात तापते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावापासून नळ बांधून पुण्याला पाणी नेलं. त्याच कात्रजला माझ्या डोळ्यांदेखत माझ्या सुरीचं पाणी उतरलं.

धारवाल्याला दोष द्यायचा नाही. पुढच्या खेपेला मी पाण्याची बादली घेऊनच खाली गेलो, हळू लाव आणि दर घासेला पाण्यात बुडव म्हटलं. त्याने सुरेख काम केलं. म्हणाला, ‘‘काका, असं सांगणारं गिऱ्हाईक मिळत नाही. ठिणग्या उडाल्या नाहीत तर लोक म्हणतात, याने काय केलं?’’

त्यानंतर मात्र मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो आणि कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड आणला. एक बाजू खरखरीत, दुसरी बारीक. आपला जुना शब्द निसणा. दगड ओला करावा आणि खाली ओलं फडकं घालावं, म्हणजे तो सरकत नाही. सगळी मेख कोनात आहे. पातं दगडावर किती उचलून धरायचं? त्यासाठी यंत्र नको. चौकोनी कागदाचा कोपरा म्हणजे ९० अंश. त्याची घडी घातली की ४५, पुन्हा घातली की साडेबावीस. त्या घडीपेक्षा पातं किंचित खाली ठेवायचं आणि तोच कोन शेवटपर्यंत सांभाळायचा. नवशिक्याचा हात इथेच डुलतो आणि कड पुन्हा गोल होते.

खरखरीत बाजूवर मुठीपासून टोकापर्यंत एकच बाजू घासत राहायची. किती वेळा? मोजू नका. पलीकडच्या बाजूला कडेवर बारीकशी खरखर लागेपर्यंत. अंगठा कडेच्या दिशेने नव्हे, कडेपासून बाहेरच्या बाजूला अलगद ओढून पाहायचा. टूलरूममध्ये आम्ही तिला ‘बर’ म्हणायचो. पात्याच्या पूर्ण लांबीला ती लागली, की एका बाजूचं काम झालं. मग दुसरी बाजू. मग दगडाच्या बारीक बाजूवर आळीपाळीने, जोर कमी कमी करत. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर धार मागे ठेवून आठ-दहा वेळा ओढायचं, केस कापणारे वस्तरा ओढायचे तसं. पहिल्यांदा अर्धा तास जातो, पुढे पाच-सात मिनिटं. सुरी धुवायला विसरू नका, नाहीतर दगडाची कचकच कोशिंबिरीत येते. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाचा बिनचकाकीचा काठ वेळ निभावून नेतो. पाहुणे दारात असताना मी तेही केलं आहे.

सुरी घ्यायची कोणती, हे शेजारचे मला आता विचारतात. सहा सुऱ्यांचा लाकडी ठोकळ्यातला संच घेऊ नये. त्यातल्या चार जागच्या हलत नाहीत. चार इंची एक, आठ इंची एक. पातं मुठीत शेवटपर्यंत गेलेलं असावं आणि धारेजवळ पातळ असावं. ‘कधीच धार लावावी लागत नाही’ असं लिहिलेली सुरी बहुधा करवतीच्या दातांची असते. ती पावाला ठीक, कोथिंबिरीला नाही. साध्या घरगुती स्विस सुरीची कडकपणाची मोजणी रॉकवेल मापात ५५-५६ च्या आसपास, चांगल्या जपानी सुरीची ६० च्या वर. जपानी सुरीची धार जास्त टिकते, पण हाडावर किंवा नारळावर आपटली तर टवका उडतो. आपल्या घरात ही दोन्ही कामं होतात, तेव्हा मऊ असली तरी पहिली बरी.

आणि धार जाते कुठे? कडप्प्याच्या ओट्यावर आणि स्टीलच्या ताटात. ताटात कांदा चिरणं ही आपली जुनी खोड आहे. लाकडी पाट घ्या. सुरी सिंकमध्ये भांड्यांच्या ढिगात टाकू नका. धारेसाठीही आणि भांडी घासणाऱ्या बाईंच्या हातासाठीही.

गणपतीच्या आदल्या दिवशी हिने माळ्यावरून विळी काढायला लावली. मोदकांचं सारण किसणीवरच्या नारळाचं चालत नाही म्हणे. पात्यावर गंज होता. मी दगड काढला, तर म्हणाली, ‘‘तुमचं राहू द्या.’’ माहेरून आणलेला एक चपटा गोटा तिने कुठल्याशा डब्यातून शोधून काढला, त्याला पाणी लावलं आणि पात्याच्या दोन्ही अंगांनी फिरवायला लागली. ना कोन, ना बर. मी गुपचूप कागदाची घडी घालून बाजूने धरून पाहिली. वीसच्या आसपास होता.

खाली बसता येत नाही, म्हणून विळी जेवणाच्या टेबलावर ठेवली. पाट मी दोन्ही हातांनी दाबून धरला आणि तिने खोवणीवर नारळ धरला.

‘‘हलवू नका,’’ एवढंच म्हणाली.