ठुशी पुन्हा आली...

गौरी आणायच्या आदल्या दिवशी आमच्या घरी कपाटावरचा पितळी डबा खाली उतरतो. सासूबाईंचा तन्मणी, मोहनमाळ, मोत्याची नथ असं सगळं त्यात असतं. तेरड्याच्या गौरीला मुखवटा लावला, जरीची साडी नेसवली, की हा साज तिच्या अंगावर चढतो. वर्षातले दोन-तीन दिवस दागिने गौरीचे, बाकीचे दिवस डब्याचे!

यंदा लेक मदतीला होती. साडी कशी नेसवायची ते बघायला तिने जुना अल्बम काढला. 2004 सालच्या गौरीच्या फोटोवर तिचं बोट थांबलं. ''आई, ही ठुशी कुठाय? हल्ली सगळ्या घालतात ना, अगदी तश्शीच आहे!''

''मोडली गं,'' मी म्हटलं.

''म्हणजे तुटली?''

आता काय सांगायचं हिला? तुटली नव्हती. चांगली घट्ट होती. मी मोडली.

गोष्ट 2006 सालची. धाकट्या दिरांचं लग्न होतं. माझ्या लग्नात आईने घातलेली ठुशी मला तेव्हा अगदी काकूबाई वाटायची. बरोबरीच्या सगळ्या जावा-नणंदा खड्यांचे नाजूक सेट घालणार, त्याला मॅचिंग कानातलं, मॅचिंग अंगठी... आणि मी आपली आज्जीच्या जमान्यातली ठुशी घालून मिरवू? सोनं तेव्हा दहा ग्रॅमला दहा हजारांच्या आतबाहेर होतं आणि तेही महाग वाटायचं. म्हणून नवीन घेण्यापेक्षा जुनं घालून नवं करावं, असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच ठरवलं. सराफाकडे ठुशी दिली. मण्यांच्या आत लाख होती, ती गेली. आटवताना घट आली. जुनं सोनं 22 कॅरेटला उतरलं नाही, त्याची वजावट झाली. वर नव्या सेटची मजुरी. आणि त्या सेटमधल्या खड्यांचं वजनही सोन्याबरोबरच धरलेलं होतं, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. सेट मी जेमतेम चार लग्नांत घातला. मग दोन खडे पडले, तसे मिळाले नाहीत. अजून लॉकरमध्ये तस्साच पडून आहे.

आणि बघा, आता ठुशी पुन्हा आली! राम आळीत चक्कर मारा. चिंचपेटी, वज्रटीक, बकुळीहार, पोहेहार... ज्यांना आपण जुनाट म्हणून नाकं मुरडली, ते सगळे काचेच्या मागे दिमाखात बसलेत. फॅशन अशी फिरून येते आणि प्रत्येक वेळी तिला कोणी ना कोणी आणणारं असतं. 2008 मध्ये 'जोधा अकबर' आला आणि लग्नांमधून कुंदनचा पूर आला. 2013 मध्ये 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली, तेव्हा आमच्या बचत गटात निम्म्या जणींच्या गळ्यात जान्हवीचं मंगळसूत्र! 2015 च्या 'बाजीराव मस्तानी'नंतर ज्यांचं नाक टोचलेलं नाही त्याही चापाच्या नथी घालून फोटो काढू लागल्या. हौस करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. मीही केली. पण मालिका संपते, त्यातली नायिका दुसरं काम घेते आणि आपल्या गळ्यात तिचा दागिना राहतो!

आपल्या जुन्या दागिन्यांची नावं नुसती म्हणून बघा बरं. बोरमाळ, जोंधळी पोत, पोहेहार, बकुळीहार, चाफेकळी. सगळं शेतातलं, अंगणातलं, स्वयंपाकघरातलं. घडवणाऱ्याने आणि घालणारीने आजूबाजूला पाहिलं आणि जे दिसलं ते सोन्यात केलं. म्हणून ते दागिने आपल्या अंगावर परके दिसत नाहीत, असं मला वाटतं.

दागिना अंगावर शोभतो म्हणजे काय, हे मला हर्णै बंदरावर कळलं. संध्याकाळी मासळीचा लिलाव चाललेला, पायाखाली चिखल, आरडाओरडा आणि एक कोळीण मावशी टोपलीमागे बसलेली. गळ्यात भरगच्च सोनं, हातात पाटल्या, केसांत अबोली. त्या अवतारात आपण असतो तर विचित्र दिसलो असतो. तिला ते सोनं असं शोभत होतं, जणू जन्मापासून अंगावर होतं. ते तिच्या कष्टाचं होतं आणि तिला ते सांभाळायची धास्तीही वाटत नव्हती.

आता ज्या गोष्टी मी चुका करत शिकले त्या सांगते. मान आखूड असेल तर ठुशी आणि चिंचपेटी एकदम घालू नका, गळा दिसेनासाच होतो. त्यापेक्षा एकटी मोहनमाळ किंवा बोरमाळ लांब सोडा. मान लांब असेल त्यांनी मात्र खुशाल गळ्याशी बसणारं घालावं. ठुशीला मागे दोरा असतो, ती हवी तशी घट्ट-सैल होते, म्हणून तीच ठुशी आईला होते आणि लेकीलाही. चेहरा लहान असेल तर मोत्याच्या कुड्यांसारखं दुसरं काही नाही. कानाचं भोक ओघळलेलं असेल तर जड झुब्यांच्या मागे लागू नका, लागायचंच असेल तर वेल लावून भार केसांवर घ्या. खण किंवा इरकल नेसलात तर ऑक्सिडाइज्ड छान दिसतं, पैठणीवर मात्र ते उपरं वाटतं. हे माझं मत हं, माझी लेक पैठणीवरही घालते!

आणि आपल्या रत्नागिरीची हवा! एक ग्रॅमचे दागिने इथल्या दमट, खाऱ्या हवेत आणि घामाने बघता बघता काळे पडतात. घालून झाले की कोरड्या मऊ फडक्याने पुसा, कापसात गुंडाळून बंद डबीत ठेवा, डबीत खडूचा तुकडा टाका. मोत्यांचं उलट. आधी पावडर, सेंट काय ते लावून घ्या, मोती सगळ्यात शेवटी घाला. आणि तन्मणीचा दोरा मळला की तो तुटायची वाट न बघता गाठवून आणा.

खरं सोनं घेताना हॉलमार्क बघायचाच. त्यात तीन खुणा हव्यात : बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा (22 कॅरेटला 916) आणि अंक-अक्षरांचा सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हा क्रमांक असलेल्याच हॉलमार्कचे दागिने दुकानात विकता येतात. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल अ‍ॅपवर तो घालून पडताळताही येतो. खड्यांचं वजन बिलावर वेगळं लिहून घ्या. माझ्यासारखं नको. आणखी एक. जुन्या चिठ्ठीवर 'तोळा' असेल तर तो 11.66 ग्रॅमचा, हल्ली बोलताना आपण दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. सासूबाईंच्या चिठ्ठीशी आजचं वजन जुळेना तेव्हा मी उगाच कोणाकोणावर संशय घेत बसले होते!

आपल्या गावाच्या नावातच रत्न आहे, पण रत्नांची सगळ्यात उदास गोष्टही इथलीच. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1886 साली इथे आणून ठेवलं. येताना जी रत्नं, दागिने त्याला आणता आले, ते खर्च भागवण्यासाठी एकेक करत विकले गेले. तो 1916 मध्ये इथेच वारला. थिबा पॅलेस दाखवायला पाहुण्यांना नेते तेव्हा मला त्या राणीचं आणि राजकन्यांचं काय झालं असेल तेच आठवतं. त्यांनी पोटासाठी विकले. मी हौसेसाठी मोडली.

पोटासाठी गहाण टाकणाऱ्या, विकणाऱ्या बायका बचत गटाच्या कामात मला नेहमी भेटतात, त्यांना मी कधीच नावं ठेवत नाही. अडीअडचणीला उपयोगी पडावं म्हणूनच तर आपल्याकडे बाईच्या अंगावर सोनं घालतात. पण एका ताईंची गोष्ट वेगळी होती. 2021 मध्ये करोनात त्यांचे यजमान गेले. मंगळसूत्र, बांगड्या गेल्याच, पण कानातल्या कुड्याही त्यांनी काढून ठेवल्या. कुड्या माहेरच्या, वडिलांनी केलेल्या. त्यांचा नवऱ्याशी काय संबंध? पण ''आता बरं दिसतं का?'' असं कोणीतरी म्हटलं होतं. पुढच्या वर्षी, 4 मे 2022 ला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पंधरवड्याच्या आत सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ती बातमी मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवली. ताई काही बोलल्या नाहीत. पुढच्या बैठकीला आल्या त्या कुड्या घालून. एकीने कुजबुज केलीच. ताईंनी ऐकलं आणि वही पुढे ओढून हप्त्यांचा हिशेब सुरू केला. त्यांच्या लहानशा चेहऱ्याला त्या कुड्या किती शोभतात म्हणून सांगू!

त्यानंतर मी एक वही केली. घरातला प्रत्येक दागिना, वजन, कोणाचा, कोणी कधी केला, शेजारी फोटो आणि बिलाची झेरॉक्स. माहेरहून आलेलं सोनं हे बाईचं स्वतःचं स्त्रीधन, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलं आहे. पण वेळ आली की दागिना आपला होता हे दाखवायला कागद लागतो. गटातल्या बायकांनाही मी वही करायला लावते. ठुशीचं पान मात्र मी माझ्या वहीत घातलंच नव्हतं.

लेकीने काय केलं, तर राम आळीतून एक ग्रॅमची ठुशी आणून गौरीच्या गळ्यात बांधली. संध्याकाळी आई दर्शनाला आली. हळदकुंकू वाहिलं आणि गौरीच्या गळ्याला हात लावून बघितला.

''हलकी आहे गो. पण छान बसल्ये.''

मी गप्प. इतक्या वर्षांत आईने त्या ठुशीबद्दल मला एका शब्दाने विचारलं नव्हतं. मग तिनेच आपणहून सांगितलं, ''ती माझी नव्हतीच. माझ्या सासूची. शेवटच्या दुखण्यात गळ्यातली काढून माझ्या हातात दिलीन्.'' एवढं बोलून ती गौरीचा पदर सारखा करायला लागली.

लेकीने वही आणली, कोरं पान उघडलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसली. ''आजी, तुझ्या सासूबाईंचं नाव काय होतं?''