वर्षावासातले वाचन आणि मनावरचे ओझे

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की वस्त्यावस्त्यांतील विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू होते. आश्विन पौर्णिमेपर्यंत ते चालते. त्रिसरण-पंचशील, तासभर वाचन, सरणत्तयं आणि मंडळी आपापल्या घरी. शेवटच्या दिवशी खीरदान. ही शिस्त चांगलीच आहे. पण तीन महिन्यांत वाचणाऱ्याशिवाय दुसरे कोणी तोंड उघडते काय?

समोर बसलेले कोण आहेत ते पाहा. नवऱ्याच्या दारूने गांजलेली भगिनी असते. स्पर्धा परीक्षा देऊन देऊन थकलेला, घरी तोंड दाखवायला लाजणारा तरुण असतो. पोरे शहरात गेल्याने एकटे पडलेले म्हातारे बाबा असतात. मांडीला मांडी लावून बसतात, पण शेजारच्याच्या जिवाला काय लागले आहे हे कुणालाच ठाऊक नसते.

याच ग्रंथाच्या आठव्या खंडात बाबासाहेबांनी किसा गोतमीची कथा दिली आहे. मेलेले लेकरू कवटाळून आलेल्या त्या आईला तथागतांनी आधी उपदेश केला नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला धाडले. ती दारोदार फिरली. प्रत्येक घराने आपापले दुःख सांगितले, तेव्हा कुठे तिला लेकराला निरोप देता आला. आपण मात्र ही कथा हात जोडून ऐकतो आणि पान उलटतो. मग पोथीच्या पारायणात आणि यात फरक तो काय? बाबासाहेबांनी प्रस्तावनेतच चार प्रश्न मांडून वाचकांनी त्यात आपली भर घालावी अशी अपेक्षा केली आहे. १९५७ साली ग्रंथ आला; ती भर आपण किती घातली?

म्हणून अर्धा तास वाचावे, अर्धा तास बोलावे. ज्या माउलीला अक्षरओळख नाही तिला आधी विचारावे, कारण जगण्याचे तिचे वाचन दांडगे असते. एक पथ्य मात्र कडक पाळावे. विहारात बोललेले नळावर जाता कामा नये, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोणी बोलणार नाही. आणि ज्याची झोप उडाली आहे, जगणे नकोसे झाले आहे, त्याला वाचनावर सोडू नये, डॉक्टरकडे न्यावे. शासनाची २०२२ पासूनची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, तो विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा.

रोज येणारा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर त्याच्या घरी जाऊन यावे. खीरदानाच्या वर्गणीसाठी आपण घरोघर जातोच.