ऐकणाऱ्याचा वाटा

मे महिना लागला की बुलढाणा जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांत खरिपाच्या सभा सुरू होतात. सभागृहात किंवा बाजार समितीच्या शेडखाली पडदा टांगला जातो, लॅपटॉपला प्रोजेक्टर जोडला जातो आणि बियाणं, बीजप्रक्रिया, खतांच्या मात्रा, बोंडअळी, पीकविमा असे विषय एकामागून एक पडद्यावरून सरकत जातात. तयारी मन लावून केलेली असते, माहितीही बहुतेक वेळा अचूक असते. तरी सभा उठल्यावर चहाच्या टपरीवर शेतकरी एकमेकांनाच विचारत असतात, यंदा सोयाबीन किती, पऱ्हाटी किती? ज्या प्रश्नासाठी माणूस वावरातलं काम टाकून आला, तो प्रश्न सभागृहात कुणी उच्चारलेलाच नसतो.

याच जिल्ह्यात गेल्या दीडशे वर्षांत माणसांपुढे उभं राहून सांगण्याचे, दाखवण्याचे, पटवण्याचे अनेक प्रकार होऊन गेले. काही विरले, काहींनी गावंच्या गावं हलवली. ज्यांनी हलवली त्यांच्याकडे मागे वळून पाहिलं, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते. तिथे ऐकणाऱ्याच्या अंगावर काही काम टाकलेलं होतं.

सुरुवात शेगावपासून करू. गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ला शेगावात प्रकट झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत गोविंदबुवा टाकळीकर यांचं कीर्तन गावातल्या महादेवाच्या मंदिरात झालं, असं दासगणूंनी १९३९ साली लिहिलेल्या ‘श्री गजानन विजय’ पोथीच्या दुसऱ्या अध्यायात येतं. बुवांनी पूर्वरंगाला भागवतातल्या हंसगीतेचा श्लोक घेतला. त्याचा उत्तरार्ध समोरच्या निंबाखाली बसलेल्या महाराजांनी म्हणून टाकला. बुवा चकित झाले, खाली उतरले आणि हात जोडून महाराजांना मंदिरात चलण्याचा आग्रह करू लागले. तेव्हा महाराज त्यांना म्हणाले त्याचा आशय असा, की ईश्वर आतबाहेर सगळीकडे भरलेला आहे असं आत्ताच सांगितलंस, मग मला आत नेण्याचा हट्ट कशाला? जे सांगावं, तसं वागावं. नुसता पोटभरू कीर्तनकार होऊ नये.

श्रद्धावान वाचक या प्रसंगात महाराजांचं ज्ञान पाहतात. मला त्यात वक्त्यासाठी दोन कठोर गोष्टी दिसतात. समोर बसलेल्यांत आपल्याइतकं, कधी आपल्याहून जास्त जाणणारा कुणीतरी असतोच, आणि त्याने अर्धा श्लोक पुरा केला तर त्यात वक्त्याचा अपमान नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की मांडणीची खरी परीक्षा वक्ता पायऱ्या उतरून खाली आल्यावर सुरू होते. गोविंदबुवांना दोन्ही कळलं, ही त्यांची थोरवी म्हटली पाहिजे.

नारदीय कीर्तनाची बांधणीही इथे आठवण्यासारखी आहे. पूर्वरंगात एक सिद्धांत घ्यायचा, तो उकलून दाखवायचा. मग उत्तररंगात एखादं आख्यान लावायचं आणि त्या माणसाच्या कथेतून तोच सिद्धांत सिद्ध करून शेवटी पुन्हा मूळ पदावर यायचं. शेकडो वर्षं रात्र रात्र माणसं बसवून ठेवणारी ही रचना आहे. आजची बहुतेक सादरीकरणं पूर्वरंगातच संपतात. शिफारस सांगितली जाते. ती पाळलेल्या किंवा न पाळलेल्या एका माणसाच्या वावरात वर्षभर काय घडलं, ते आख्यान कुणी लावत नाही.

कीर्तनाच्या या जगाला प्रश्न विचारणारी दुसरी परंपराही वऱ्हाडात रुजली. सत्यशोधक समाज १८७३ साली पुण्यात स्थापन झाला, पण जोतीराव फुल्यांचं पहिलं चरित्र १९२७ साली लिहिलं ते बुलढाणा जिल्ह्यातल्या पंढरीनाथ पाटलांनी. ही गोष्ट जिल्ह्याने आणखी अभिमानाने सांगायला हवी. फुल्यांची तयारीची पद्धत तर प्रत्येक वक्त्याने अभ्यासावी अशी आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३चा. तो छापण्याआधीच त्यातले भाग त्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांपुढे वाचून दाखवले होते, हे त्यांनी स्वतःच उपोद्घातात नोंदवलं आहे. ज्यांच्याविषयी लिहिलं, त्यांच्याच कानावर ते आधी घातलं. पुढे सत्यशोधक जलशांनी हेच गद्य तमाशाच्या चौकटीत आणलं. सावकार, भटजी आणि कुणबी रंगमंचावर भांडू लागले आणि समोरचा कुणबी मनातल्या मनात आपल्या बाजूने जबाब देऊ लागला.

या दोन्ही परंपरा एका माणसात येऊन मिळाल्या. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ साली जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. त्यांच्यापाशी मला जरा थांबावंसं वाटतं, कारण श्रोत्यांपुढे उभं राहण्याची इतकी पक्की तयारी दुसऱ्या कुणाची मला दिसत नाही. बाबांना अक्षरओळख नव्हती. १९०५ साली घर सोडल्यावर ते गावोगाव फिरले, अंगावर चिंध्या, एका हातात काठी नाहीतर खराटा, दुसऱ्या हातात गाडगं. गावात आले की आधी गाव झाडायला घेत. दिवसभर गल्लीबोळांतून खराटा मारणाऱ्या माणसाला काय काय दिसत असेल, याचा विचार करावा. उकिरडा कुणाच्या दारात आहे, शाळेच्या वेळेला कुणाची पोरं गुरांमागे आहेत, दारूचा वास कुठून येतो, देवळापुढे बकऱ्याचं रक्त कुठे सांडलं आहे. रात्री कीर्तनाला उभं राहीपर्यंत त्या गावाची सगळी हकिगत त्यांच्या पायाखालून गेलेली असे. त्यासाठी त्यांना वेगळी टिपणं लागत नव्हती.

कीर्तन सुरू झालं की बाबा विचारत आणि लोक उत्तर देत. प्रश्न साधा, वऱ्हाडी बोलीतला, उत्तर हो किंवा नाही इतकंच. कर्ज काढून सण करता का? देवाला बकरं मागताना कुणी ऐकलं का? पोराला शाळेत घातलं का? एकेक उत्तर देता देता माणूस स्वतःच्याच कबुलीजबाबात अडकत जाई, आणि मग बाबा ठरलेलं मागणं मागत. ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलाला शिकवा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय असे. मधूनच गोपालाचा गजर सुरू होई, हजारो हात टाळ्या देत, आणि त्या गजरात पुढच्या प्रश्नापर्यंत श्रोत्यांना दम खायला मिळे. त्यांचं अखेरचं कीर्तन ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात झालं. त्याचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. ऐंशी वर्षांच्या थकलेल्या माणसाचा तो आवाज सादरीकरण शिकू पाहणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकावा. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबरला, वलगावजवळ बाबा गेले.

तुकडोजी महाराजांनी हीच जमीन खंजिरीने नांगरली, आणि पुढे अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी एकदम सात खंजिऱ्या वाजवत ती कसली. सिंदखेडराजात दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवाच्या व्यासपीठावर व्याख्याते आणि शाहीर बोलतात-गातात. त्या अफाट गर्दीत शाहिराच्या डफावर मान डोलते आणि लांबलेल्या भाषणात तीच मान मागे वळते, हे पाहणाऱ्याला वेगळं शिकवायला लागत नाही.

आता घाटाखाली उतरू. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची घटमांडणी मी भाकीत म्हणून मानत नाही. रात्रीतून धान्याचे दाणे सरकतात ते वाऱ्याने, किड्यामुंग्यांनी, उंदरांनी. त्यांचा आणि बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याचा काही संबंध नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने तिला घेतलेला आक्षेप मला मान्य आहे. पण मांडणी म्हणून तिच्याकडे पाहिलं, तर तिच्याइतकी शेतकऱ्याच्या जवळची मांडणी जिल्ह्यात दुसरी नाही. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी ती सुरू केली असं सांगतात. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेरच्या वावरात घट आखला जातो. भोवती गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, हरभरा, तीळ, बाजरी, अंबाडी, सरकी अशी अठरा धान्यं मांडली जातात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण आणि भाद्रपद यांची. त्यांवर पाण्याने भरलेली घागर. तिच्यावर पुरी, पापड, करंजी, पान-सुपारी. पुरी पृथ्वीची, पान-सुपारी राज्यकर्त्याची. दुसऱ्या दिवशी उजाडताना वाघ घराण्यातली मंडळी घटाची पाहणी करतात आणि जमलेल्यांना सांगतात, अमुक महिन्यात पाऊस असा, अमुक पीक तसं.

वेळ पाहा. पेरणीचा निर्णय व्हायच्या ऐन आधीची. जागा वावराची. साधनं घरातली, रोजच्या ओळखीची. आणि उत्तर थेट त्या प्रश्नाचं, जो मनात घेऊन माणूस खानदेशातून, मराठवाड्यातून, सातपुड्यापलीकडून आलेला असतो. भाकीत सांगणाऱ्याच्या आधीच तो वाकून ढेकळं निरखतो, कोणतं भिजलं, कोणतं कोरडं राहिलं, आणि शेजाऱ्याशी वाद घालतो.

याच्या शेजारी हवामान खात्याचा अंदाज ठेवून पाहावा. १८७५ साली स्थापन झालेलं हे खातं १८८६पासून मान्सूनचे हंगामी अंदाज देत आलं आहे. त्यामागे निरीक्षणं आहेत, गणित आहे, चूक झाली तर ती मान्य करून दुरुस्त करण्याची शिस्त आहे. देशात जून ते सप्टेंबर सरासरी ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो आणि त्याच्या ९६ ते १०४ टक्के पडला तर तो सामान्य समजतात. आकडा बरोबर आहे. पण संग्रामपूरच्या खारपाणपट्ट्यात, जिथे विहिरीचं पाणी पिकाला देता येत नाही, तिथल्या शेतकऱ्याला साऱ्या देशाच्या सरासरीचं काय करायचं? त्याला जुलैतला खंड किती दिवसांचा असेल ते हवं असतं. घाटावरच्या चिखलीतल्या सोयाबीनवाल्याचा प्रश्न आणखी निराळा. जिल्हा एक असला तरी घाटावरचा आणि घाटाखालचा श्रोता एक नाही, हे न ओळखता एकच फाईल तेराही तालुक्यांत फिरवली जाते. खरी माहिती अशी परक्यासारखी समोर आली, की माणूस ओळखीच्या ढेकळांकडे वळतो. त्याला अडाणी म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

विज्ञानालाही गावच्या मातीत मांडता येतं, हे याच जिल्ह्याने दाखवलं आहे. पानी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा २०१६ला राज्यातल्या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१८पर्यंत ती ७५ तालुक्यांत पोहोचली होती. त्या वर्षी मोताळा तालुक्यातल्या सिंदखेडने राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळवला. श्रमदानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्याआधीचं प्रशिक्षण कमी लोकांनी पाहिलं असेल. गावाने निवडून पाठवलेल्या बायका-पुरुषांना पाणलोटाचं शास्त्र खेळांतून, फिल्ममधून, गाण्यांतून आणि शिवारफेरीतून शिकवलं गेलं. काम माथ्यापासून पायथ्याकडे का न्यायचं, सलग समतल चर कशासाठी, हायड्रोमार्करने समान पातळी कशी काढायची, हे त्यांनी हाताने करून पाहिलं. आणि मग खरी कसोटी आली. गावी परत जाऊन ग्रामसभेत हेच आपल्या लोकांना पटवून द्यायचं. आयुष्यात कधी माईक न धरलेल्या बायका उभ्या राहिल्या आणि बोलल्या. त्यांचं बोलणं पटलं, कारण पाणी कुठून येतं आणि कुठे वाहून जातं ते त्यांनी पायाखाली घातलेलं होतं.

त्याच सुमारास राज्य सरकारच्या पोकरा, म्हणजे कृषी संजीवनी प्रकल्पातून जिल्ह्यात शेतीशाळा भरू लागल्या. या पद्धतीचा उगम इंडोनेशियातल्या भातशेतीत, १९८९ सालचा. तिथे फवारणीचं वेड कमी करण्यासाठी शेतकऱ्यांनाच बांधावर निरीक्षक बनवलं गेलं. इथे ती कपाशी, तूर, सोयाबीनला लागू झाली. गटाने वावरात शिरायचं, झाडं निवडायची, बोंडं-पात्या मोजायच्या, पानं उलटून मित्रकीटक आणि शत्रुकीटक पाहायचे. मग धुऱ्यावर किंवा झाडाखाली बसून मोठ्या कागदावर झाडाचं चित्र काढायचं, एका बाजूला मित्र, दुसऱ्या बाजूला शत्रू, खाली हवामान. शेवटी गटातल्या एकाने उभं राहून सांगायचं, आमच्या वावरात काय दिसलं आणि आम्ही काय करणार. बाकीचे त्याला धारेवर धरतात. २०१७ला गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी खाल्ल्यानंतर कामगंध सापळ्यात किती पतंग आले हे मोजून बोलणारा शेतकरी आणि पडद्यावर अळीचा मोठा केलेला फोटो दाखवणारा वक्ता, यांत कुणाचं म्हणणं गाव ऐकेल हे सांगायला नको. चित्र वाकडंतिकडं असतं, अक्षर लागत नाही. पण मला तरी आज जिल्ह्यातलं सर्वांत प्रभावी सादरीकरण तेच वाटतं.

म्हणून यंदाच्या खरीप सभा आखणाऱ्या अधिकाऱ्यांना, कृषी विज्ञान केंद्रांना आणि बाजार समित्यांना विनंती आहे. निमंत्रणपत्रिकेवर मान्यवरांच्या नावांच्या आधी त्याच तालुक्यातल्या शेतीशाळेच्या दोन शेतकऱ्यांची नावं छापा, त्यांत एक बाई असू द्या. पहिली वीस मिनिटं त्यांना त्यांच्या कागदासह द्या आणि पुढची वीस समोरच्यांच्या प्रश्नांना. तोवर प्रोजेक्टर बंद ठेवा. तज्ज्ञांनी त्यानंतर बोलावं, आणि त्या चाळीस मिनिटांत जे विचारलं गेलं तेवढ्यावरच बोलावं.