आकडा, अक्षर आणि परके फंक्शन



स्मृतिव्याख्यानासाठी हिशेबाचा विषय निवडावा, हे काहींना रुक्ष वाटेल. परंतु कापूस, सूत आणि यंत्रमाग यांवर ज्या गावातील असंख्य घरे चालत आली, त्या बुऱ्हाणपुरात हिशेबाला रुक्ष म्हणणारा श्रोता विरळाच. मी बोलणार आहे तो संगणकावरील स्प्रेडशीटच्या एका कोपऱ्याविषयी : बाहेरून आणून जोडलेली फंक्शने, आणि ती फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामवर त्यामुळे येणारी जबाबदारी.

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिजिकॅल्कने संगणकावर हिशेबाचा चौकटींचा कागद मांडला. त्यानंतर लोटस १-२-३ आले, एक्सेल आले. एक्सेलच्या अंगी शेकडो फंक्शने आहेत. थायलंडच्या बाहट या नाण्यातील रक्कम थाई भाषेत अक्षरी लिहून देणारे ‘बाहटेक्स्ट’देखील त्यात आहे. रुपयांसाठी मात्र तशी अंगची सोय नाही. म्हणून आपल्याकडे कोणीतरी जाणकार ते फंक्शन स्वतः लिहितो, त्याची ‘ॲड-इन’ नावाची जोडफाइल करतो, आणि ती एका पेढीतून दुसऱ्या पेढीत फिरत राहते.

हे काम दिसते तितके सोपे नाही. इंग्रजीला एकोणीसपर्यंतचे शब्द आणि दशकांची नावे पुरतात. मराठीत नव्व्याण्णवपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळा साठवावा लागतो. नेमके शंभर असतील तर ‘शंभर’, पण पाच वाढले की ‘एकशे पाच’. आपल्या गावाची अडचण आणखी निराळी. रावेर-जळगावकडे जाणारे बिल मराठीत असावे, इंदूरकडचे हिंदीत. ७९ ला एकीकडे ‘एकोणऐंशी’, दुसरीकडे ‘उन्यासी’. दोन वेगळ्या माणसांनी लिहिलेल्या दोन जोडफाइलींत फंक्शनचे नाव मात्र एकच, ‘अक्षरी’, असू शकते.

आता ही फाइल ज्या संगणकावर जोडफाइल नाही अशा ठिकाणी गेली, आणि हिशेब पुन्हा झाला, की चौकटीत प्रश्नचिन्हासह ‘नेम’ ही चूक उमटते. एक्सेल म्हणते, हे नाव मला ठाऊक नाही. माणूस समोर असेल तर तो फोन करून जोडफाइल मागवील. परंतु पुष्कळ ठिकाणी फाइल माणूस उघडतच नाही. जावा भाषेतील अपाची पीओआय यासारख्या लायब्ररीच्या आधारे एखादा प्रोग्राम ती उघडतो, रकमा भरतो आणि छापतो. तेथे एक्सेलच नसते.

अशा लायब्ररीपुढचा पेच फाइलच्या रचनेतूनच येतो. एक्सेल ९७ ते २००३ च्या फाइलींत अंगच्या फंक्शनला क्रमांक असतो. बेरजेचा क्रमांक ४. बाहेरच्या सर्व फंक्शनांना मिळून एकच क्रमांक, २५५, आणि नाव वेगळ्या जागी टिपलेले. म्हणजे फाइलमध्ये पाहुण्याचे नाव असते, त्याची विद्या नसते. (कालचा पाहुणा आज घरचा होतो, तेही येथे घडले आहे : अनियमित हप्त्यांवरील परताव्याचा दर काढणारे ‘एक्सआयआरआर’ पूर्वी जोडसंचात होते, २००७ च्या एक्सेलपासून ते अंगचे झाले.)

फाइलमध्ये आणखी एक गोष्ट असते : सूत्राचे मागच्या वेळचे उत्तर. खरा धोका येथे आहे. प्रोग्रामने रकमेच्या चौकटीत २५,५०० ऐवजी ५२,५०० लिहिले, पण अक्षरी रकमेचे सूत्र पुन्हा चालवले नाही, तर शेजारी ‘पंचवीस हजार पाचशे’ तसेच राहते. सुबक, शुद्ध आणि चूक. धनादेशावर ते छापले गेले तर? १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे १८ वे कलम सांगते की आकडा आणि अक्षर यांत तफावत असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य. सत्तावीस हजारांचा फरक असा निमूटपणे पडतो.

म्हणून अनोळखी फंक्शन मोजण्याची वेळ आली की पीओआय सरळ अडून बसते आणि ‘हे मला येत नाही’ असे कळवते. पुष्कळांना हा आडमुठेपणा वाटतो; मला तो सचोटीचा वाटतो. अंदाजाने उत्तर देणारा मुनीम कोणती पेढी ठेवील? मात्र लायब्ररीने नुसते अडून भागत नाही. फंक्शनचे नाव तिने जसेच्या तसे जपले पाहिजे आणि त्याचा अर्थ बाहेरून पुरवण्यास दार ठेवले पाहिजे. पीओआयमध्ये ते दार आहे : प्रोग्रामर ‘अक्षरी’ या नावापुढे आपले जावातील फंक्शन नोंदवतो, आणि लायब्ररी त्या नावाशी पोचली की तेच चालवते. नोंद प्रत्येक वहीसाठी वेगळी करता येत असल्याने जळगावच्या वहीला मराठी आणि इंदूरच्या वहीला हिंदी ‘अक्षरी’ देता येते.

कष्ट उरतात ते नोंदवणाऱ्याचे. मूळ जोडफाइलीतील आज्ञावली लायब्ररी चालवत नाही. तेच गणित नव्याने लिहावे लागते आणि जुन्या-नव्याची उत्तरे ताडून पाहावी लागतात. त्यासाठी मोठ्या रकमा नकोत. ७९, १००, १०५, १,००,००१ आणि पैशांसह एखादी रक्कम, एवढ्यांवर बहुतेक चुका उघड्या पडतात.