आजोबांची फटफटी : ठेवावी कीं विकावी ?

शहरांतील कित्येक घरांत जिन्याखालीं किंवा परसांत ताडपत्रीनें झांकलेली एक जुनी फटफटी उभी असते. ज्यानें ती हौसेनें घेतली, तो बहुधा आतां हयात नसतो. मुलांपैकीं एक म्हणतो, भंगारांत द्यावी. दुसरा म्हणतो, बाबांची आठवण आहे, दुरुस्त करून रोज कचेरीस न्यावी. दोन्ही मतांत भावना पुष्कळ आणि विचार थोडा असतो. जुनें यंत्र व नवें यंत्र ह्यांत नेमका भेद कोणता, हें नीट कळल्यास निर्णय फारसा कठीण राहत नाहीं.

उदाहरण म्हणून बुलेट घ्यावी. मूळच्या इंग्लंडांतील ह्या गाडीची बांधणी १९५५ सालापासून मद्रासेस होऊं लागली. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडराचा व्यास ७० मिलिमीटर, दट्ट्याची धांव ९० मिलिमीटर आणि शक्ति सुमारें १८ अश्वशक्ति. २०२३ सालीं निघालेल्या नव्या बुलेटची शक्ति सुमारें २० अश्वशक्ति आहे. म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षांत बळ फारसें वाढलें नाहीं. भेद आहे तो निराळाच : गाडीची काळजी कोणीं वाहावयाची, स्वारानें कीं यंत्रानें ?

जुनी बुलेट सुरू करणें हा एक लहानसा विधिच होय. पेट्रोलचा नळ उघडावा, किल्ली फिरवावी, आणि अँमीटरचा कांटा मध्यावर येईपर्यंत किक हळूहळू दाबावी. मग डाव्या मुठीजवळचा डिकॉम्प्रेसरचा चाप ओढून सिलिंडरांतील दाब मोकळा करावा, दट्ट्या शिखराच्या किंचित् पुढें न्यावा, चाप सोडावा, किक वर येऊं द्यावी आणि मग एकच पुरती लाथ मारावी. दट्ट्या शिखराच्या अलीकडे असतांनाच अर्धवट लाथ बसली, तर किक उलट उसळते आणि पायास जबर मार लागतो. नव्या गाडीस हें कांहींच नको. बटण दाबावें, पेट्रोल किती सोडावयाचें आणि ठिणगी केव्हां पाडावयाची, हें आंतला लहानसा संगणक ठरवितो.

निगेचीहि तीच गोष्ट. जुन्या गाडीचे पॉइंट्स अर्ध्या मिलिमीटरहूनहि कमी अंतरानें उघडतात; ते झिजले कीं ठिणगीची वेळ चुकते. पुशरॉड इंजिन थंड असतांना बोटानें सहज फिरावा, परंतु वरखालीं हलूं नये, इतक्या बेतानें बसवावा लागतो. हें सारें एक पाना, एक पट्टी आणि सावध कान ह्यांच्या बळावर रस्त्याच्या कडेलाहि साधतें. नवी गाडी असें बिघडत नाहीं; मात्र तिचा संगणक बिघडला, तर स्वाराला हात जोडून कारखान्याची वाट धरावी लागते.

परंतु जेथें जिवाचा प्रश्न आहे, तेथें हौस बाजूस ठेवावी. जुन्या गाडीस दोन्ही चाकांना ड्रम-ब्रेक असतात. घाईनें ते जोरांत दाबले आणि रस्ता ओला असला, तर चाक अडकून गाडी घसरते. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींना चाक अडकूं न देणारी एबीएस यंत्रणा सक्तीची झाली. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशीं व ब्रेक डाव्या पायाशीं असतो. नव्या गाडींत नेमकें उलट. रोज नवी गाडी चालविणारा मनुष्य रविवारीं जुनीवर बसला आणि अकस्मात् समोर मूल आलें, तर त्याचा उजवा पाय सवयीनें ब्रेक शोधतो आणि त्याला सांपडतो गिअर.

धुराचाहि विचार हवा. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा ह्या नियमांप्रमाणें नव्या गाडीचा धूर पुष्कळ स्वच्छ असतो. जुनीला ती शिस्त कधीं लागलीच नव्हती. शिवाय इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल जुन्या रबरी नळ्यांना व वायसरांना मानवत नाहीं, आणि टाकींत फार दिवस राहिल्यास ओलावा शोषून घेतें. म्हणून नळ्या बदलाव्या आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास टाकी रिकामी करावी.

मग जुनी गाडी विकावी काय ? तसें नव्हे. केंद्र सरकारनें २०२१ सालीं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठीं निराळ्या नोंदणीची सोय केली. अशी गाडी प्रदर्शनास व फेरीस नेतां येते, नित्याच्या वापरास नाहीं. मात्र तिचा मूळ सांगाडा व इंजिन बदललेलें नसावें. म्हणून हौसेनें सांगाडा कापून तिला नवें रूप देण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

रोजच्या गर्दींत, मुलांबाळांना मागें बसवून जावयाचें असल्यास नवी गाडीच घ्यावी. तेथें दुसरें मत असूं नये. जुनी मात्र घरांत राहूं द्यावी. तिचे पॉइंट्स लावणारे, आवाजावरून दोष ओळखणारे मिस्त्री आतां थोडे उरले आहेत. त्यांच्यापैकीं एखादा अजून जवळपास असेल, तर घरांतील तरुणानें एक रविवार त्याच्या शेजारीं बसून पाना हातीं घ्यावा. गाडीबरोबर तिची विद्या मिळाली, तरच वडिलांचा वारसा पुरता हातीं आला असें म्हणतां येईल.