विष पचविणारे मासे

न्यूयॉर्क शहराजवळ समुद्राला मिळणाऱ्या हडसन नदींत टॉमकॉड नांवाचा एक लहानसा मासा राहतो. मोठ्या कॉड माशाचा हा धाकटा भाऊबंद. अंगानें वीतभर, आयुष्य फार तर दोनतीन वर्षांचें, आणि अंडीं घालण्याचा हंगाम ऐन हिंवाळ्यांतला. बाजारांत त्याला फारसें मोल नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून जीवशास्त्रज्ञांनीं ह्या क्षुद्र माशाचा जो पाठपुरावा केला, तो मोठमोठ्या माशांच्याहि वांट्याला आलेला नाहीं. ह्याचें कारण एवढेंच कीं, ज्या पाण्यांत ह्या माशाचा निर्वंश व्हावयास हवा होता त्याच पाण्यांत तो खुशाल प्रजा वाढवीत होता.

हडसनचें पाणी असें कशानें झालें? नदीच्या वरच्या अंगाला जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे दोन कारखाने होते. विजेचे कपॅसिटर तयार करतांना तेथें पॉलिक्लोरिनेटेड बायफेनाइल ह्या कुळांतील तेलकट द्रव्यें वापरीत. संक्षेपानें त्यांना पीसीबी म्हणतात. हीं द्रव्यें सहसा पेट घेत नाहींत, विजेला वाट देत नाहींत, आणि वर्षानुवर्षें कुजत अगर झिजत नाहींत. ज्या गुणांसाठीं कारखानदारांनीं त्यांना जवळ केलें तेच गुण नदीच्या मुळावर आले. १९४७ पासूनच्या सुमारें तीस वर्षांत जवळ जवळ सहा लक्ष किलोपर्यंत पीसीबी नदींत गेलें असावें असा अंदाज आहे. हें द्रव्य पाण्यांत विरघळून वाहून जात नाहीं. तें गाळांत बसतें, गाळांतून किड्यांच्या पोटांत जातें, किड्यांमागून माशांच्या, आणि प्रत्येक पायरीवर चरबींत सांठून अधिकाधिक दाट होत जातें. १९७६ सालीं हडसनमधील पट्टेरी बास माशाची धंदेवाईक मासेमारी सरकारला बंद करावी लागली. १९७९ मध्यें अमेरिकेंत पीसीबीच्या उत्पादनावरच बंदी आली. तळाचा गाळ उपसण्याचें काम मात्र २००९ ते २०१५ ह्या काळांत झालें. विष टाकण्यास तीस वर्षें आणि उपसण्यास हात घालावयास आणखी तीस, असा हा हिशेब आहे.

टॉमकॉड ह्या पाण्यांत जगला, पण निरोगी राहिला असें कोणीं समजूं नये. त्याच्या यकृतांत पीसीबीचें जें प्रमाण आढळलें तें निसर्गांत आढळलेल्या सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकीं होतें, आणि पूर्वीच्या तपासणींत दोन वर्षांच्या बहुतेक माशांच्या यकृतांत गांठी सांपडल्या होत्या. तरीहि त्याचीं अंडीं फुटत होतीं व पिलें पोहत होतीं. इतर नद्यांतील टॉमकॉडचीं पिलें तेवढ्या विषांत टिकत नसत.

ह्याचा उलगडा होण्यास पेशीच्या अंतरंगांत थोडें डोकवावें लागतें. प्राण्यांच्या पेशींत एक ग्राहक प्रथिन असतें. शास्त्रज्ञ त्याला एएचआर म्हणतात. त्याचें काम देवडीवरच्या पहारेकऱ्याचें आहे असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. डायॉक्सिन, पीसीबी अशा जातीचें परकें द्रव्य आंत शिरलें कीं हें प्रथिन त्याला चिकटतें, पेशीच्या केंद्रांत जातें, आणि तेथें निजलेल्या कित्येक जनुकांना जागें करतें. ह्या जनुकांच्या आज्ञेनें जीं पाचक द्रव्यें तयार होतात तीं परक्या पदार्थाचे तुकडे करून त्याला बाहेर काढण्याच्या उद्योगाला लागतात. लांकडाच्या धुरासारख्या नैसर्गिक पदार्थांच्या बाबतींत ही योजना ठीक चालते. पीसीबीचे तुकडे मात्र होत नाहींत. चोर घरांतून हालत नाहीं आणि पहारेकरी ओरडावयाचा थांबत नाहीं. ह्या अखंड आरड्याओरड्यानेंच घराची नासाडी होते. अंड्यांतल्या गर्भांत तर ह्या वेळीं हृदयाची घडण चाललेली असते. तें वेडेंवांकडें होतें, त्याच्याभोंवतीं पाणी जमतें, आणि पिलूं पोहूं लागण्यापूर्वींच मरतें. म्हणजे मारणारें विष असलें तरी त्याला हत्यार पुरविणारी यंत्रणा माशाची स्वतःचीच असते.

न्यूयॉर्क विद्यापीठांतील आयझॅक वर्जिन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०११ सालीं ह्याचें उत्तर प्रसिद्ध केलें. हडसनमधील शंभरांपैकीं सुमारें नव्याण्णव टॉमकॉडांत ह्या ग्राहक प्रथिनाच्या जनुकांतील सहा अक्षरें गळालेलीं होतीं. सहा अक्षरें म्हणजे प्रथिनाच्या लांबलचक माळेंतले अवघे दोन मणी. पण तेवढ्यानें पहारेकरी बहिरा झाला. पीसीबी त्याला पूर्वीइतकें घट्ट चिकटेना, आणि हांकाटीहि होईना.

येथें एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. विषानें माशाला हें जनुक दिलें, किंवा माशानें गरज ओळखून तें घडविलें, असें झालेलें नाहीं. जवळपासच्या स्वच्छ पाण्यांतील टॉमकॉडांतहि हें उणें जनुक क्वचित् आढळतें. तें पूर्वींच होतें. निरुपयोगी म्हणून कोंपऱ्यांत पडलेलें. विषानें ज्यांच्यापाशीं तें नव्हतें त्यांना काढून टाकलें, आणि उरलेल्यांची प्रजा नदीभर झाली. उत्क्रांति म्हटली कीं लक्षावधि वर्षांची गोष्ट डोळ्यांपुढें येते. ही एका माणसाच्या आयुष्यांत घडली.

टॉमकॉडचें उदाहरण एकटें असतें तर योगायोग म्हणून सोडून देतां आलें असतें. परंतु त्याच किनाऱ्यावर दलदलींत राहणारा बोटभर लांबीचा किलिफिश हा त्याहूनहि चिवट निघाला. (१९७३ सालीं स्कायलॅबबरोबर अंतराळांत गेलेला पहिला मासा तो हाच.) मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्डचें बंदर, कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट, न्यू जर्सींतील न्यूअर्कची खाडी आणि व्हर्जिनियांतील एलिझाबेथ नदी, ह्या चारहि ठिकाणीं पाणी विषारी, आणि चारहि ठिकाणीं किलिफिश मजेंत. कांहीं ठिकाणच्या माशांची सहनशक्ति सामान्य माशाच्या आठ हजार पटींपर्यंत आहे. अँड्र्यू व्हाइटहेड ह्यांच्या संशोधकमंडळानें सुमारें चारशें माशांची जनुकसंहिता वाचून २०१६ मध्यें दाखविलें कीं, चारहि ठिकाणीं बिघाड त्याच पहारेकऱ्याच्या व्यवस्थेंत झाला आहे, पण प्रत्येक ठिकाणीं तो थोडाफार निराळ्या रीतीनें.

अशा सौद्याची किंमतहि द्यावी लागते. एलिझाबेथ नदीच्या कांठीं लांकडाला क्रिओसोट चोपडणारा कारखाना होता. तेथील किलिफिशांपैकीं सुमारें एक तृतीयांश माशांना यकृताचा कर्करोग झालेला आढळला होता. शिवाय त्या नदींतील सहनशील माशांच्या संततीला पाण्यांतील प्राणवायु कमी झाला तर इतर माशांहून अधिक त्रास होतो. एका दरवाजाला कडी घालावी तर दुसरा उघडा राहतो, असा हा प्रकार.

जनुकांवर प्रदूषणाचा दुसरा एक परिणाम होतो, तो ह्याहून वेगळा आहे. येथवर सांगितलें त्यांत अस्तित्वांत असलेल्या जनुकांची निवड झाली. कांहीं विषें जनुकेंच मोडतात. कॅनडांतील हॅमिल्टन शहरीं पोलादाच्या भट्ट्यांजवळ घरटीं करणाऱ्या समुद्रपक्ष्यांच्या पिलांत, आईबापांत नसलेले जनुकीय बदल दूरच्या पक्ष्यांपेक्षां अधिक दिसतात, असें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. हा दोष अन्नाचा कीं हवेचा हें पाहण्यासाठीं पुढें उंदीर पिंजऱ्यांत घालून भट्ट्यांच्या वाऱ्याखालीं दहा आठवडे ठेवण्यांत आले. अन्नपाणी स्वच्छ, हवा मात्र तेथलीच. त्यांच्या पिलांतहि बदल वाढलेले निघाले. मग कांहीं पिंजऱ्यांची हवा बारीक गाळणींतून सोडली, तेव्हां बापाकडून येणारे बदल जवळ जवळ निम्म्यावर आले. २००४ मध्यें प्रसिद्ध झालेला हा प्रयोग साधा खरा, पण काजळीचा कण बापाच्या फुप्फुसांत गेला असतां त्याची खूण संततींत उमटते हें त्यानें निःसंशय दाखविलें.

माशांच्या ह्या चिवटपणावरून निसर्ग सर्व कांहीं निभावून नेतो असा निष्कर्ष काढणारेहि भेटतात. किलिफिशाची संख्या अगणित आहे. तेवढ्या गर्दींत उपयोगी जनुक कोणाजवळ तरी सांपडतेंच. ज्यांची प्रजा थोडी व सावकाश होते त्यांचें काय? आपल्याकडील गिधाडांचें उदाहरण ताजें आहे. गुरांना दिलेलें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध मढ्यांतून गिधाडांच्या पोटांत गेलें, त्यांचीं मूत्रपिंडें निकामीं झालीं, आणि १९९२ पासूनच्या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचें गिधाड हजारांत एक ह्या प्रमाणावर आलें. मुंबईच्या मलबार टेकडीवरील दोखम्यांनाहि त्याची झळ पोंचली. २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध बंद झालें. वर्षाकांठीं एकच अंडें घालणाऱ्या पक्ष्याला सहा अक्षरें गळण्याची वाट पाहण्यास सवड कोठली?

समुद्रांतील ऑर्का देवमाशाची स्थिति तशीच आहे. अन्नसांखळीच्या टोंकाला बसलेला हा प्राणी खालच्या सर्वांचें पीसीबी आपल्या चरबींत गोळा करतो. २०१६ च्या जानेवारींत स्कॉटलंडच्या टायरी बेटावर लुलू नांवानें ओळखली जाणारी एक मादी मरून पडलेली आढळली. मरण आलें तें मासेमारीच्या दोरींत गुरफटून. पण तपासणींत तिच्या चरबीच्या दर किलोमागें ९५० मिलिग्रॅम पीसीबी निघालें. समुद्री सस्तन प्राण्यांना ज्याच्यापुढें अपाय होऊं लागतो ती मर्यादा अवघी ९ मिलिग्रॅमची धरलेली आहे. तिचें वय निदान वीस वर्षांचें होतें. तिला एकदांहि पिलूं झालेलें नव्हतें.